पूर्वजांची ठेव परदेशी संग्रहालयात : शोधायची कशी, भेटायची कशी, मागायची कशी

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात नागा समाजाच्या सुमारे साडेसहा हजार वस्तू आहेत. शाली, भाले, दागिने, टोपल्या आणि माणसांच्या कवट्यासुद्धा. त्यातल्या पुष्कळशा जे. एच. हटन आणि जे. पी. मिल्स या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमवून नेल्या. २०२० साली संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. ते परत आणण्याचं काम फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन या मंचाने अंगावर घेतलं. जून २०२५ मध्ये नागा ज्येष्ठांचं शिष्टमंडळ ऑक्सफर्डला गेलं आणि परताव्याची मागणी करणारा जाहीरनामा तिथेच प्रसिद्ध झाला. मधल्या पाच वर्षांतला मोठा वेळ ऑक्सफर्डशी पत्रापत्रीत गेला नाही, गावोगाव बसून बोलण्यात गेला. या कामाचा खरा हिशोब तोच आहे.

महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांसाठीही हा विषय दूरचा नाही. भील, गोंड ही नावं परदेशी संग्रहालयांच्या नोंदींत सहज सापडतात. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंड आणि कोलाम लोकांत राहून काढलेली छायाचित्रं लंडनच्या सोआस विद्यापीठात आहेत, आणि त्या लोकांचे सोयरे आजही महाराष्ट्रातल्या किनवट, वणी, राजुरा भागात आहेत. एगॉन फॉन आयक्स्टेट यांच्या १९२६ ते १९२९च्या जर्मन मोहिमेने भारतभरच्या आदिवासींची छायाचित्रं, शरीराची मोजमापं आणि वस्तू नेल्या.

आधी आपलं घर : मागणार कोण?

पहिलं पत्र लिहिण्याआधी हे ठरायला हवं. संग्रहालय पहिला प्रश्न हाच विचारतं की तुम्ही कुणाच्या वतीने बोलताय. एकट्या उत्साही तरुणाच्या मेलला ‘आपल्या आवडीबद्दल आभार’ एवढंच उत्तर येतं. त्याहून वाईट म्हणजे एकाच समाजाच्या दोन संघटनांनी वेगवेगळी पत्रं पाठवली, की संग्रहालय हात वर करतं : ‘आधी तुमच्यात ठरवा.’ काही वेळा ही खरी अडचण असते, काही वेळा सोयीचं निमित्त.

अनुसूचित क्षेत्रातल्या गावांकडे एक चांगलं हत्यार आहे आणि ते फारसं कुणी वापरत नाही. १९९६च्या पेसा कायद्याचं कलम ४(डी) सांगतं की समाजाच्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे. ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात या कलमाचा उल्लेख करा, पाच ते सात जणांची समिती नावानिशी नेमा. ठरावावर क्रमांक, तारीख, सह्या-अंगठे आणि शिक्का हवा. गणपूर्ती झाल्याची नोंद विसरू नका. इंग्रजी भाषांतर वेगळ्या कागदावर जोडा, मूळ मराठी ठराव तसाच पाठवा.

समितीत भगत किंवा देव सांभाळणारा माणूस, किमान दोन वयस्क बाया, कागदपत्रं आणि इंग्रजी सांभाळणारा एक तरुण आणि शेजारच्या गावचा एक जण असावा. आमदार-खासदारांना सुरुवातीला कळवा, पण समितीत घेऊ नका. निवडणूक आली की काम त्यांच्या नावावर चालतं, निवडणूक गेली की थांबतं.

पहिल्या बैठकीतच तीन प्रश्न काढा. वस्तू कुलाची, गावाची की घराची? ती कुणी पाहायची, कुणी नाही? आणि परत आली तर तिचं काय करायचं? तिसऱ्या प्रश्नाला सगळे बगल देतात आणि पुढे तोच उरावर बसतो. नागांच्या बाबतीत हे फार उघडं पडलं. शत्रूचं शिर कापून आणण्याची प्रथा होती त्या काळातली कवटी असेल तर ती ज्याने शिर आणलं त्याच्या गावाची, की ज्याचं शिर होतं त्याच्या गावाची? नोंदीत नुसतं ‘नागा’ लिहिलं असेल तर कुठली जमात? बहुसंख्य समाज आता ख्रिस्ती आहे, तर विधी कुठला करायचा? असं शिर परत घरी आणण्याचा विधी जुन्या रीतीत मुळात नव्हताच, कारण असा प्रसंगच कधी आला नव्हता. या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही कायद्यात नाहीत. नागा मंचाने ज्येष्ठांच्या मुलाखती घेतल्या, चर्चमध्ये आणि गावांत बैठका केल्या, लोकांना विषय कळावा म्हणून चित्रकथा काढली. आपल्याकडे मतभेद निघाले तर ते इतिवृत्तात लिहून ठेवा. लपवलेला मतभेद वस्तू विमानतळावर उतरल्यावर वर येतो, आणि तेव्हा तो महाग पडतो.

शोध : जुन्या नकाशाने शोधा

‘पालघर’ टाकून शोधलंत तर काहीही मिळणार नाही. पालघर जिल्हा २०१४चा, नंदुरबार १९९८चा, गडचिरोली १९८२चा. वस्तू गेल्या तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं, नंदुरबार खानदेशात (१९०६ नंतर पश्चिम खानदेशात), गडचिरोली ‘चांदा’ जिल्ह्यात, रायगडचं नाव कुलाबा होतं. प्रांतांची नावंही टाकून पाहा : बॉम्बे प्रेसिडेन्सी, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, बेरार, नॉर्थ कोंकण. कधी नोंदीत फक्त ‘वेस्टर्न इंडिया’ असतं.

जमातींच्या नावांचंही तेच. इंग्रज कारकून कानाला येईल तसं लिहीत. वारलीसाठी वरली आणि वराली, कोरकूसाठी कुर्कू, माडियासाठी मारिया, कातकरीसाठी काथोडी, कोकणा जमातीसाठी कुकना, ठाकरसाठी ठाकूर. प्रत्येक नावाच्या इंग्रजीत सात-आठ स्पेलिंगांची यादी आधीच करा आणि एकेक तपासा. स्पेलिंगमधली दोन अक्षरं सुटली म्हणून अख्खा संग्रह हुकतो.

तिसरी वाट माणसाच्या नावाने. आपल्या भागात त्या काळी कोण कलेक्टर होता, जंगल खात्यात कोण होतं, कुठली मिशन होती, हे जुन्या जिल्हा गॅझेटिअरमधून (ब्रिटिशकालीन सरकारी माहितीग्रंथातून) काढा. मग त्या आडनावाने कॅटलॉग शोधा. वस्तू जमातीच्या नावाखाली नसली तरी देणगीदाराच्या नावाखाली असतेच, कारण संग्रहालयं देणगीदाराला कधी विसरत नाहीत.

ब्रिटिश म्युझियम, पिट रिव्हर्स, केंब्रिजचं मानववंश संग्रहालय, लंडनचं हॉर्निमन ही सगळी पाहाच. ईस्ट इंडिया कंपनीचं इंडिया म्युझियम १८७९ साली मोडलं आणि त्याच्या वस्तू वाटल्या गेल्या. बऱ्याच आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये ‘आयएस’ या खुणेच्या क्रमांकांनी आहेत. टोपल्या, दोर, सालीचं कापड, मोह, डिंक असलं काही असेल तर लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाचा आर्थिक वनस्पतींचा संग्रह जरूर चाळा, तिथे शोधायचं फारसं कुणाला सुचत नाही. १८८६च्या लंडनमधल्या वसाहतींच्या प्रदर्शनासाठी गेलेला मालही असाच पांगला.

हे सगळं करण्याआधी नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे आपलं अजब बंगला आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय पाहून या. गडचिरोलीच्या दुर्गम गावातून नागपूरही लंडनइतकंच लांब वाटू शकतं. शिवाय नोंदवही कशी वाचायची याचा सराव मराठीत होतो.

प्रत्येक सापडलेल्या वस्तूसाठी तक्त्यात एक ओळ करा. रकाने हे : संग्रहालय, अ‍ॅक्सेशन नंबर (संग्रहालयाच्या नोंदवहीतला वस्तूचा क्रमांक), संग्रहालयाने दिलेलं नाव, आपलं नाव, जमात जशी लिहिली आहे तशी, ठिकाण जसं लिहिलं आहे तसं, गोळा करणारा, गोळा केल्याचं वर्ष, संग्रहालयात आल्याचं वर्ष, कसं मिळवलं, फोटो आहे का, समाजाचा शेरा. अ‍ॅक्सेशन नंबर टिंब-स्वल्पविरामासकट नकलून घ्या. समजा ‘१९२८.६९.१५’ असा नंबर असेल तर तो १९२८ साली नोंदवलेल्या एकोणसत्तराव्या संग्रहातली पंधरावी वस्तू सांगतो. मग याच संग्रहातल्या एक ते चौदा वस्तूही पाहायला हव्यात, त्याही बहुधा त्याच गावच्या असतात.

ऑनलाइन दिसतं ते सगळं नसतं. ब्रिटनमध्ये आपल्या माहिती अधिकारासारखा २०००चा फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन कायदा आहे. राष्ट्रीय, विद्यापीठांच्या आणि नगरपालिकांच्या संग्रहालयांना तो लागू होतो, अर्ज जगातून कुणीही ईमेलने करू शकतो आणि कामाच्या वीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज नेमका ठेवा. ‘भारताबद्दलचं सगळं’ मागितलंत तर खर्चमर्यादा ओलांडते म्हणून नाकारतील. पण हा अर्ज पहिल्याच दिवशी टाकू नका. क्युरेटरने (संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) साध्या मेलला दोन-तीन महिने दाद दिली नाही, तरच.

नोंद वाचताना

‘भेट’ आणि ‘खरेदी’ या शब्दांवर थांबा. भेट म्हणजे बहुतेक वेळा साहेबाने संग्रहालयाला दिलेली भेट. साहेबाला ती कशी मिळाली, ते त्यात नसतं. तारीख घ्या आणि गॅझेटिअर उघडा. त्या वर्षी त्या भागात लष्करी मोहीम होती का, गाव जाळलं होतं का, दुष्काळ होता का? १८९९-१९००च्या दुष्काळात विकलेली चांदीची वाळी कागदावर रीतसर खरेदीच दिसणार. मागणीच्या वेळी हा संदर्भ उपयोगी पडतो, फक्त तो पुराव्यानिशी मांडा. अंदाज असेल तर अंदाज म्हणूनच लिहा. एक चुकीचं विधान सापडलं की पन्नास बरोबर विधानांवर शंका घेतली जाते.

दुसरा मुद्दा सामूहिक मालकीचा. अमेरिकेतल्या झुनी लोकांनी १९७८ पासून आपल्या युद्धदेवतांच्या लाकडी मूर्ती अहायुदा परत मिळवल्या, त्या एका सरळ युक्तिवादावर : ही मूर्ती सगळ्या समाजाची, ती विकण्याचा अधिकार कुणा एकाला नव्हताच, म्हणून बाहेर दिसणारी प्रत्येक मूर्ती चोरीची. खरेदीची पावती असली तरी. आपल्याकडे गोंडांच्या पेर्सा पेन या कुळदेवाला हेच लागू होतं. भाल्याचं लोखंडी पातं आणि चवरी कापडात गुंडाळून ठेवलेली असते, कटोडा ती सांभाळतो, परधान किंगरीवर कुळाची कथा सांगतो, आणि देव असतो अख्ख्या कुळाचा. परदेशी कॅटलॉगमध्ये ‘लोखंडी भाला, गोंड’ एवढीच नोंद दिसली तर फोटो मोठा करून पाहा. पात्याच्या बुडाशी कापडाचे अवशेष, कडी, हळद-कुंकवाचे डाग आहेत का, केस बांधल्याची खूण आहे का? शंका आली तर तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकू नका. आधी कटोड्याला एकट्याला दाखवा. तो म्हणाला ‘हे पाहायचं नाही’, तर तो शेरा तक्त्यात लिहा आणि फोटो पुसा.

पहिलं पत्र

एक पानाचं. मागणी नाही, ओळख आणि माहितीची विनंती. क्युरेटर आणि रजिस्ट्रार (नोंदी सांभाळणारा अधिकारी) दोघांनाही पाठवा, कारण क्युरेटर बदलतात, रजिस्ट्रारकडे फाइल राहते. तुम्ही कोण, ठराव कुठला, कुठल्या अ‍ॅक्सेशन नंबरांबद्दल लिहिताय, आणि मग या गोष्टी मागा : ऑनलाइन नसलेल्या वस्तूंसकट पूर्ण यादी, प्रत्येक संग्रहाची मूळ पत्रं आणि नोंदवहीच्या पानांचे फोटो, त्याच संग्रहातल्या कुठल्या वस्तू दुसऱ्या संग्रहालयाला दिल्या किंवा बदलल्या, जुनी छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं, आणि कीटकनाशक फवारणीची नोंद. मानवी अवशेषांबद्दल वेगळ्या परिच्छेदात विचारा आणि स्पष्ट लिहा : फोटो पाठवू नका, फक्त यादी पाठवा.

‘लूट’, ‘चोरी’ हे शब्द या पत्रात नकोत. ते खोटे असतात असं नाही, पण ते दिसले की पत्र क्युरेटरच्या टेबलावरून वकिलाच्या टेबलावर जातं आणि तिथून सहा महिने हलत नाही. संताप राखून ठेवा, मागणीपत्रात त्याला जागा आहे.

सहा आठवड्यांनी आठवण, बारा आठवड्यांनी संचालकांना प्रत. उत्तर आलं की त्यांना पडद्यावर वस्तू दाखवायला सांगा. गावात शाळेचा प्रोजेक्टर लावा, दहा-बारा वस्तूंपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नका, आणि वयस्कांच्या गोंडी-वारलीतल्या शब्दांचं ध्वनिमुद्रण करा. पडद्यावर आकाराचा अंदाज येत नाही, म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवायला आणि आतली बाजू, बूड, गाठी दाखवायला सांगा. बुरूड काम करणारी बाई टोपलीची वीण पाहून गाव सांगते, ती समोरच्या सुंदर बाजूवरून नव्हे, बुडाच्या सुरुवातीवरून.

प्रत्यक्ष भेट

जमेल तेव्हा जाच. पिट रिव्हर्सने २०१० साली ब्लॅकफूट लोकांचे पाच चामडी सदरे कॅनडात उसने पाठवले. ते १८४१ साली हडसन्स बे कंपनीच्या माणसाने नेले होते. काचेबाहेर काढून लोकांच्या हातात दिल्यावर शिवण, वास, वजन, केसांच्या झालरी यांतून जी माहिती आणि जी कालवाकालव बाहेर आली, ती फोटोंतून कधीच आली नसती. हात लावता येईल का, हे आधी लेखी विचारा. ‘पाहायला या’ आणि ‘हाताळायला या’ यांत फरक आहे.

खरी अडचण घरच्या कागदांची येते. वयस्कांच्या आधारवर, मतदार ओळखपत्रावर आणि जातीच्या दाखल्यावर नाव आणि जन्मतारीख तीन तऱ्हेची असते. पासपोर्टला त्यामुळे महिने लागतात, तर प्रवास ठरण्याआधी हे सुरू करा. राबून झिजलेले बोटांचे ठसे बायोमेट्रिक यंत्र घेत नाही, तेव्हा आठवडाभर हातांना तेल लावून न्या आणि केंद्रात आधी सांगा. व्हिसाच्या अर्जाला संग्रहालयाचं पत्र हवं : कुणाला बोलावलं, किती दिवस, खर्च कुणाचा. प्रवासखर्च, दुभाष्या आणि मजुरी बुडण्याची भरपाई संग्रहालयाने द्यावी अशी विनंती बेलाशक करा. हा खर्च समाजाने का सोसायचा?

दिवसाला आठ ते दहा वस्तू, खोलीत सहा-आठ माणसं, मध्ये मोठी सुट्टी. पहिला अर्धा दिवस नुसता भेटीला ठेवा, माहिती विचारू देऊ नका.

विधी करायचा असेल तर तीन आठवडे आधी कळवा. धूप-उदबत्तीने धुराची घंटा वाजते, ती त्या खोलीपुरती बंद करायला त्यांना वेगळी परवानगी लागते. तांदूळ, नारळ, मोहाची दारू चालते, पण निघताना सगळं बाहेर न्यावं लागतं, कारण धान्यातून कीड येते. हळद-कुंकू थेट वस्तूला लावायला ते नाही म्हणतील. ताटात शेजारी वाहायचं की आग्रह धरायचा, हे घरूनच ठरवून जा. तिथे उभं राहून आपसांत वाद नको.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चामडं, पिसं, केस, लोकर यांच्या वस्तूंवर संग्रहालयांनी शंभर वर्षं आर्सेनिक, पाऱ्याचे क्षार, डीडीटी, नॅप्थलीन मारलं आहे. अमेरिकेत होपी लोकांना परत मिळालेल्या पवित्र वस्तूंत आर्सेनिक सापडलं, आणि त्या वस्तू विधीत अंगावर घेण्याच्या होत्या. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने आर्सेनिक, पारा, शिसं कळतं, डीडीटी किंवा नॅप्थलीन कळत नाही. त्याला वेगळी चाचणी लागते. दोन्हींचा निकाल लेखी मागा. निकाल हाती येईपर्यंत नायट्राइलचे हातमोजे, तोंडाला घट्ट मास्क, कपाळाला लावणं नाही, मुका घेणं नाही, मुलांच्या हातात नाही. घड्यांत पांढरी पूड दिसली तर लगेच थांबा. क्युरेटरने ‘नोंद नाही’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘फवारलं नाही’ असा होत नाही.

ध्वनिमुद्रण, फोटो, सांगितलेली माहिती कुणाची, यावर आधीच दोन ओळींचा करार करा. गाणं संग्रहालयाच्या संकेतस्थळावर गेलं की ते परत घेता येत नाही.

मागणीआधी मिळवण्याजोगं

परत मिळेपर्यंत हात बांधून बसू नका. चुकीची नावं दुरुस्त करून घ्या, सांगणाऱ्याचं नाव (त्याची तयारी असेल तर) नोंदीत घालून घ्या, न दाखवायचे फोटो संकेतस्थळावरून काढायला लावा. यातलं बरंचसं एका मेलवर होतं. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजासोबत घडवलेली मुकुर्टू ही प्रणाली फुकट आहे. कोणता फोटो कुणी पाहायचा, बायांनी, पुरुषांनी, फक्त कुळाने, हे त्यात ठरवता येतं. गावात ती चालवायला मात्र कायमचा एक माणूस लागतो. तो नसेल तर हार्ड डिस्कच्या दोन प्रती, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एवढंही पुरे. बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातल्या जुन्या लाकडी मुखवट्याची मापं आणि आतल्या बाजूचे फोटो मिळाले, तर इथला कारागीर नवा करू शकतो.

पण संग्रहालयाने ‘आम्ही तुम्हाला त्रिमितीय स्कॅन देतो’ म्हणून विषय मिटवू पाहिला, तर मिटू देऊ नका. स्कॅन हा त्यांच्या सोयीचा भाग आहे.

मागणी

कुणाच्या हातात निर्णय आहे, यावर सगळं ठरतं. १९६३च्या कायद्यामुळे ब्रिटिश म्युझियमला संग्रहातून वस्तू काढता येत नाही, अगदी मोजके अपवाद सोडून. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टवरही असंच बंधन आहे. मात्र २००४च्या ह्यूमन टिश्यू कायद्याने इंग्लंडमधल्या नऊ राष्ट्रीय संग्रहालयांना हजार वर्षांच्या आतले मानवी अवशेष परत देण्याची मुभा दिली. विद्यापीठांची आणि नगरपालिकांची संग्रहालयं अशी बांधलेली नाहीत. एक्सेटरच्या नगरपालिकेने कॅनडातल्या सिक्सिका समाजाचे प्रमुख क्रोफूट यांचा पोशाख २०२२ साली परत केला. मँचेस्टर म्युझियमने २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंडच्या अनिंदिल्याक्वा लोकांना १७४ वस्तू परत केल्या. म्हणून सुरुवात नगरपालिका किंवा विद्यापीठाच्या संग्रहालयापासून करा. लंडनच्या बड्या दारावर आधी डोकं आपटण्यात हशील नाही.

मूळ रहिवाशांच्या अस्थी आणि वस्तू परत देण्यासाठीच्या अमेरिकेच्या १९९०च्या नागप्रा कायद्याचा दाखला भारतीय समाजांनी देऊ नये. तो तिथल्या मान्यताप्राप्त जमाती आणि हवाईच्या मूळ रहिवाशांपुरताच आहे. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा १९७०चा युनेस्को करारही मागच्या काळाला लागू होत नाही. तेव्हा कायद्याच्या धाकावर नव्हे, संग्रहालयाच्या स्वतःच्या लेखी धोरणावर मागणी उभी करा. ते धोरण संकेतस्थळावर असतं. त्यातले निकष क्रमाने घेऊन प्रत्येकाखाली आपला पुरावा मांडा : समाजाशी नातं, वस्तूचं महत्त्व, ती कशी गेली, पुढे काय होणार. ठराव, वंशावळ, ज्येष्ठांचे जबाब, जुनी पत्रं जोडा.

काही संग्रहालयं म्हणतात, मागणी भारत सरकारकडून यावी. मग सांस्कृतिक मंत्रालय आणि तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाचं ‘हरकत नाही, पाठिंबा आहे’ असं पत्र मिळवा, पण मागणीदार म्हणून समाजाचंच नाव ठेवा. नाही तर वस्तू दिल्लीच्या कपाटात पोचते आणि तुमचा प्रवास पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

‘कायमस्वरूपी उसनवारी’ पुढे केली जाईल. साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये वाघनखं आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. गर्दी झाली, लोकांनी पाहिली, मालकी लंडनचीच राहिली. पाहण्याजोग्या वस्तूसाठी हे चालू शकेल. देवासाठी किंवा पूर्वजाच्या अस्थींसाठी उसनवारी स्वीकारू नका, कारण सही करताना तुम्ही मालकी त्यांची असल्याचं मान्य करता.

अटी बारकाईने वाचा. कॅनडातल्या हाइस्ला लोकांचा जी’प्सगोलॉक्स खांब १९२९ साली स्वीडनला गेला होता. स्वीडन सरकारने १९९४ साली परत द्यायला मंजुरी दिली, पण खांब हवामान नियंत्रित इमारतीत ठेवा असा आग्रह धरला. हाइस्लांच्या रीतीने खांब मातीत मिसळायचा असतो. इमारतीला पैसे नव्हते. खांब घरी यायला २००६ उजाडलं. झुनींच्या अहायुदाही उघड्यावरच्या देवस्थानात ठेवतात, ऊनपावसात झिजण्यासाठीच. ‘जपून ठेवू’ असं वाक्य मसुद्यात सवयीने येतं. तुमची रीत विसर्जनाची किंवा वापराची असेल तर ते वाक्य खोडा, सही करण्याआधी.

आणणं

संरक्षित प्राण्यांची पिसं, दात, नखं, शिंगं, कातडी असेल तर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचा निर्यात परवाना आणि काही प्राण्यांसाठी आयात परवानाही लागतो, आणि इकडे १९७२चा वन्यजीव कायदाही आहे. धनेशाची चोच लावलेलं शिरोभूषण परवान्याशिवाय विमानतळावर आलं तर ते जप्त होईल. परवान्यांना महिने लागतात, म्हणून समारंभाची तारीख परवाना हातात आल्यावरच जाहीर करा.

लाकूड, बांबू, कापड निघण्याआधी किडीसाठी गोठवतात : उणे ३० अंशांवर तीन दिवस किंवा उणे २०वर दोन आठवडे. मेण, काचमणी, दात जडलेल्या वस्तूंना हे सोसत नाही, तिथे दुसरा उपाय करायला सांगा. पेटीत भरण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो आणि स्थितीचा लेखी अहवाल घ्या. पेटी इथे आल्यावर किमान २४ तास बंदच ठेवा, मग उघडा. लगेच उघडली तर गार लाकडावर दमट हवेचं पाणी धरतं. शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीत आणा. इंग्लंडच्या कोरड्या कोठारातली वस्तू जुलैत जव्हारला आली तर पंधरा दिवसांत बुरशी धरेल. विमा कोठारातून हलल्यापासून गावात ठेवेपर्यंतचा आणि त्यांच्या खर्चाने. मोठ्या वस्तूचं ओझं कमी लेखू नका. निस्गा समाजाचा अकरा मीटर उंच खांब २०२३ साली एडिंबराहून घरी न्यायला कॅनडाच्या हवाई दलाचं विमान लागलं.

लिलावात दिसलं तर

इथे क्रम उलटा होतो, वेळ तासांत मोजायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका लिलावगृहाने शिंगं लावलेली नागा कवटी विक्रीला काढली. नागा मंचाने आक्षेप घेतला, नागालँडचे मुख्यमंत्री नेफ्यू रिओ यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि ती विक्रीतून मागे घेतली गेली. असं काही दिसलं की लॉट क्रमांक, फोटो आणि वर्णनाचं पान लगेच साठवून घ्या, कारण बोंब झाली की ते संकेतस्थळावरून गायब होतं. त्याच दिवशी लिलावगृह, उच्चायुक्तालय आणि राज्याचं सांस्कृतिक कार्य खातं यांना एकच मेल पाठवा : ठराव जोडलेला, मागणी फक्त ‘विक्री थांबवा’. बोली लावण्याच्या फंदात पडू नका. रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ साली लिलावात घेतली, ते शस्त्र होतं. पूर्वजाच्या अस्थींना एकदा भाव दिला की पुढच्या विक्रेत्याला दर कळतो. लॉट मागे घेतला तरी वस्तू विक्रेत्याच्या घरीच परत जाते, म्हणून मागे घेतल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी लिलावगृहामार्फत विक्रेत्याला दुसरं पत्र पाठवा, सौम्य भाषेत, आणि त्यात समितीचा फोन नंबर द्या.